कीटकाची ‘ट्रॅकिया’ खरबरीत का म्हणायची?

शिरपूरकडच्या बी.एस्सी. ॲग्रीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. गाइडमध्ये एका ओळीत दिलंय की ट्रॅकिया, म्हणजे कीटकाच्या अंगातली श्वासाची नळी, या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘खरबरीत’. पण प्रॅक्टिकलला झुरळ उघडलं तेव्हा आतल्या नळ्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत, अगदी गुळगुळीत दिसल्या. मग हे नाव कीटकाला दिलं कुणी आणि का? शिवाय स्पायरॅकल म्हणजे ‘स्पायरल’ आकाराचं छिद्र, असं एका मित्राने सांगितलंय, ते खरं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे: नाही. दोन शब्द कानाला भाऊ वाटतात, पण त्यांचं गोत्र वेगळं. स्पायरल आलं ग्रीक ‘स्पेइरा’वरून, म्हणजे वेटोळं. स्पायरॅकल आलं लॅटिन ‘स्पिराक्युलम’वरून, म्हणजे हवा येण्याजाण्याची वाट, आणि त्याच्या मुळाशी ‘स्पिरारे’, श्वास घेणे, हे क्रियापद आहे. इंग्रजीतले रेस्पिरेशन, पर्स्पिरेशन, इन्स्पिरेशन सगळे त्याच घरचे. मराठीत आपण श्वासरंध्र म्हणतो ते अगदी नेमकं आहे. जुन्या पुस्तकांत याच छिद्रांना ‘स्टिग्मा’ लिहिलेलं सापडेल. ते ग्रीक. टोकदार वस्तूने टोचून उठवलेली खूण, गोंदणाचा ठिपका, असा त्याचा अर्थ. अळीच्या अंगावरचे ते काळपट ठिपके नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने दिलेलं ते नाव आहे. ठिपका म्हणणाऱ्याला ते छिद्र आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. स्पायरॅकल म्हणणाऱ्याला होती.

आता ट्रॅकिया. हे नाव कीटकासाठी घडलेलंच नाही. ते नरड्याचं नाव आहे. माणसाच्या, बोकडाच्या, बैलाच्या. कीटकापर्यंत ते दोन हजार वर्षांनी पोचलं, आणि तेही अर्धं तुटून.

ग्रीक वैद्य श्वासनळीला ‘आर्तेरिया’ म्हणत. होय, तोच शब्द जो आज आर्टरी म्हणून धमनीसाठी वापरला जातो. त्यांच्या लेखी मान आणि छातीतल्या ज्या नळ्यांमधून हवा जाते त्या सगळ्या आर्तेरिया. या शब्दाची जुनी व्युत्पत्ती ‘हवा राखणारी’ अशी सांगत असत. आजचे भाषेचे अभ्यासक बहुतेक ती मानत नाहीत, ते त्याला ‘उचलणे, टांगणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात, जिथून एओर्टाही आला. पण जुन्या लोकांना त्या शब्दात हवा ऐकू येत होती, एवढं खरं.

हवा आली कुठून? प्रेताचं विच्छेदन करा. शिरांमध्ये रक्त साकळलेलं सापडतं, आणि जाड भिंतीच्या धमन्या बहुतेक रिकाम्या. ज्याने जिवंत प्राण्यात पाहिलं नाही, फक्त मेल्यावर पाहिलं, त्याने काय समजावं? इ.स.पू. चौथ्या शतकात कॉस बेटावरच्या प्राक्सागोरासने शिरा आणि धमन्या वेगळ्या करून सांगितल्या आणि ठरवलं की शिरांत रक्त, धमन्यांत ‘न्यूमा’, म्हणजे प्राण चालवणाऱ्या वाऱ्यासारखं काहीतरी. पुढच्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरासिस्ट्राटसने त्याची पूर्ण व्यवस्थाच मांडली: हवा नाकातोंडातून फुप्फुसात, तिथून हृदयात, आणि हृदयातून धमन्यांच्या फांद्याफांद्यांतून शरीरभर. मग जिवंत माणसाची धमनी कापल्यावर रक्त का उडतं? त्यालाही त्याच्याकडे उत्तर होतं. आतली हवा निसटते आणि तिची जागा भरायला शेजारच्या शिरेतलं रक्त अतिसूक्ष्म वाटांनी धावत येतं. चूक होती, पण विचार करून केलेली होती.

आता हवेच्या नळ्या इतक्या झाल्या म्हटल्यावर त्यांच्यात फरक करणं आलं. धमन्या बोटाला गुळगुळीत लागतात. गळ्यातली मोठी नळी मात्र बोट फिरवलं की कड्या लागतात, कूर्चेच्या, एकाखाली एक. मटणाच्या दुकानात बोकडाचं नरडं हातात घेतलं तर याला वेगळा पुरावा लागत नाही. म्हणून तिला म्हटलं ‘त्राखेइआ आर्तेरिया’, खरबरीत आर्तेरिया. ‘त्राखुस’ म्हणजे खरबरीत, ओबडधोबड. आर्तेरिया स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी होऊन त्राखेइआ झालं. रोमन लोकांनी त्याचं शब्दशः भाषांतर करून ‘आस्पेरा आर्तेरिया’ म्हटलं. सिसेरोच्या लिखाणात ते आहे, आणि वैद्य असं म्हणतात अशी पुस्तीही त्याने जोडली आहे.

म्हणजे गाइडमधली ओळ चुकीची नाही, अपुरी आहे. ‘खरबरीत’ हे नाव नव्हतंच, नावापुढचं विशेषण होतं. ‘कशापेक्षा खरबरीत’ हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

या विशेषणाचे दोन नातेवाईक आपल्या ओळखीचे आहेत, लक्षात ठेवायला उपयोगी पडतात. पापणीच्या आतल्या बाजूला खुपऱ्या होतात त्या रोगाचं नाव ट्रॅकोमा, कारण पापणीची आतली कातडी खरखरीत होते. आणि घरातला ओवा! त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकीस्पर्मम अम्मी. पहिल्या शब्दाचा अर्थ खरबरीत बी. ओव्याचा दाणा भिंगाखाली धरलात तर त्यावरचे बारीक उंचवटे दिसतात. ट्रॅकिया, ट्रॅकोमा, ट्रॅकीस्पर्मम, तिन्हींत ‘ट्रॅक’ एकच. त्याचा इंग्रजी ट्रॅकशी, म्हणजे वाटेशी किंवा रुळाशी, काही संबंध नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ‘ट्रॅक म्हणजे मार्ग, म्हणून हवेचा मार्ग’ असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे. ऐकायला इतकं सोयीचं वाटतं की कुणाला शंकाही येत नाही.

नावातला ‘आर्तेरिया’ कसा गळाला? दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने एक साधा प्रयोग केला. जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग चिरला. आत रक्त होतं. बाहेरून धावत यायला वाट नव्हती, म्हणजे ते आधीपासून तिथेच होतं. धमनी ही रक्ताची नळी ठरली. मग रक्ताच्या नळीचं आणि श्वासाच्या नळीचं आडनाव एक कसं ठेवायचं? हळूहळू आर्तेरिया हा शब्द रक्ताच्या वाटणीला गेला आणि गळ्यातल्या नळीकडे नुसतं विशेषण उरलं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ते एकटंच नामासारखं वापरलं जाऊ लागलं: ट्रॅकिया, ‘खरबरीत’. काय खरबरीत, ते शब्दातून गेलं.

इथे मला आपल्या भाषेकडे वळल्याशिवाय राहवत नाही. आपला ‘धमनी’ शब्द घ्या. संस्कृतात ‘ध्मा’ हा धातू फुंकण्याचा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीष्म शंख फुंकतात तिथे ‘शङ्खं दध्मौ प्रतापवान्’ म्हटलंय, ते दध्मौ याच धातूचं. लोहार भात्याने फुंकतो तेही ध्मान. वेदांत धमनी म्हणजे फुंकणं किंवा फुंकायची नळी, आणि पुढे शरीरातली नळी. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात तिन्ही नळ्यांची नावं एका ओळीत उलगडली आहेत: ‘ध्मानाद्धमन्यः स्रवणात् स्रोतांसि सरणात् सिराः’. तिथल्या ध्मानाचा अर्थ टीकाकार ‘भरणे’ असा घेतात. पण धातू फुंकण्याचा आहे हे लपत नाही. ग्रीकांच्या आर्तेरियात हवा, आपल्या धमनीतही हवा. कुणी कुणाकडून घेतलं असा वाद मला घालायचा नाही. दोन्हीकडच्या रक्ताच्या नळीच्या नावाला वाऱ्याचा स्पर्श आहे, आणि दोन्हीकडे शरीरशास्त्राने तो पुढे नाकारला, एवढंच पाहायचं आहे.

आणि आता कीटक.

ॲरिस्टॉटलने कीटकांचं निरीक्षण पुष्कळ केलं. ‘एन्टोमा’, म्हणजे अंगावर खाचा असलेले, हा त्याचा शब्द, ज्यावरून एन्टोमॉलॉजी झालं आणि ज्याच्या लॅटिन भाषांतरातून इन्सेक्ट. पण कीटक श्वास घेतात हे त्याने मान्य केलं नाही. कारण उघड आहे: छाती वरखाली होताना दिसत नाही, नाक नाही, फुप्फुस सापडत नाही. माश्या आणि मधमाश्या पाण्यात बराच वेळ तग धरतात, हेही त्याने नोंदवलं, आणि ते त्याला आपल्या मताला पुरावा वाटलं. श्वास लागत असता तर बुडून मेल्या नसत्या का? पण त्याच माणसाने ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथात दुसरी एक नोंद करून ठेवली आहे: कुठल्याही कीटकाला तेल चोपडलं तर तो मरतो.

पाण्यात जगतो, तेलात मरतो. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उत्तर समोर येतं. कीटकाची त्वचा मेणचट असते. पाणी तिच्यावर पसरत नाही, श्वासरंध्रात शिरत नाही, आतली हवा आतच राहते आणि कीटक त्या शिदोरीवर वेळ काढतो. तेल मात्र मेणावर पसरतं, रंध्राच्या तोंडाशी चढतं आणि वाट बंद करतं. दोन्ही नोंदी ॲरिस्टॉटलच्या हातात होत्या. त्या जोडायला पुढे दोन हजार वर्षं जावी लागली, आणि कीटकशास्त्र शिकवताना मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या जोडणीतच शब्दाचा दुसरा जन्म आहे.

ती जोडली इटलीतल्या बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने. योगायोग पाहा: १६२८ साली इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने रक्त शरीरात फिरतं हे छापून सिद्ध केलं, आणि त्याच वर्षी माल्पिगी जन्मला. हार्वेच्या साखळीत एक कडी राहिली होती. धमनीतलं रक्त शिरेत जातं कसं, हे त्याला दिसलं नव्हतं. १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या. एरासिस्ट्राटसने कल्पनेने मानलेल्या सूक्ष्म वाटा खरोखर होत्या, फक्त रक्त उलट दिशेने, धमनीकडून शिरेकडे जात होतं.

पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याने त्याला रेशमाच्या किड्याबद्दल माहिती पाठवायला सांगितलं. माल्पिगी कामाला लागला आणि १६६९ मध्ये सोसायटीने त्याचा रेशीमकिड्यावरचा ग्रंथ छापला. एखाद्या कीटकाचं आतून बाहेरून असं विच्छेदन त्याआधी कुणी छापलं नव्हतं. अन्नमार्गाचा मधला आणि मागचा भाग जिथे मिळतात तिथे ज्या बारीक नळ्या लोंबतात, त्यांना आज आपण माल्पिघियन ट्यूब्यूल्स म्हणतो ते याच माणसाच्या नावाने. आणि अळीच्या दोन्ही कुशींवरच्या ठिपक्यांपासून आत निघणाऱ्या, फांद्यांना फांद्या फुटत प्रत्येक अवयवाला भिडणाऱ्या नळ्या त्याने पाहिल्या. आत हवा होती. त्याने ठिपक्यांवर तेल लावलं. सगळे बंद केले तर अळी मेली. ठिपके मोकळे ठेवून तेल डोक्यावर किंवा पाठीवर लावलं तर तिला काही झालं नाही. म्हणजे अळी तोंडाने श्वास घेत नव्हती. कुशींनी घेत होती.

या हवेच्या नळ्यांना नाव काय द्यायचं? तो वैद्य होता, मानवी शरीराचं शास्त्र त्याच्या हातात मुरलेलं होतं. हवेची, आखडून न मिटणारी, आतून कड्याकड्यांची नळी: ट्रॅकिया. एकच फरक, माणसाला एक आणि किड्याला शेकडो.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. नळी गुळगुळीत दिसते ती बाहेरून, आणि कमी वर्धनाखाली. झुरळाची एक जाड नळी चिमट्याने उचला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वरून कव्हरस्लिप घाला आणि चारशे पट वर्धनाखाली बघा. आतल्या भिंतीला आडव्या, सलग गुंडाळत गेलेल्या कड्या दिसतील. त्यांना टिनिडिया म्हणतात. ‘टेनिया’ म्हणजे पट्टी, फीत. पट्टकृमीचं टेनिया हे नावही तिथलंच, आणि टिनिडियम म्हणजे चिमुकली फीत. गिरणा नदीवर किंवा विहिरीवर मोटरला जो सक्शन पाइप लावतात, त्याच्या भिंतीत प्लास्टिकची कडक गुंडाळी असते ना, ओढीने पाइप चिपटू नये म्हणून, नेमकं तेच काम इथे टिनिडिया करतात. नळी लवचीक राहते, वाकते, पण मिटत नाही. म्हणजे माल्पिगीची ट्रॅकिया खरोखर खरबरीत आहे, फक्त तो खरबरीतपणा आतून आहे. आपल्या गळ्यातल्या कूर्चेच्या कड्या आणि कीटकाच्या टिनिडिया यांचं मूळ मात्र पूर्णपणे वेगळं. ते एकाच अवयवाचे दोन अवतार आहेत असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. काम सारखं, वंश वेगळा.

कीटकाची ट्रॅकिया म्हणजे बाहेरची कातडीच आत घडी पडून गेलेली असते. म्हणून तिला आतून क्यूटिकलचं, म्हणजे कातडीवरच्या कडक थराचं, अस्तर असतं आणि कात टाकताना तेही बाहेर येतं. तापीच्या काठाला, गिरणेच्या पाणथळीत, लव्हाळ्यांना चिकटलेल्या चतुराच्या वाळक्या काती पावसाळ्यानंतर सापडतात. त्यांच्या पाठीवरच्या फटीत बारीक पांढरे धागे लोंबतात. विद्यार्थी त्याला बुरशी समजतात. ते मोठ्या ट्रॅकियांचं उपसून आलेलं अस्तर आहे.

विच्छेदनाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण दरवर्षी यावर वेळ वाया जातो. ट्रॅकिया पांढरी चकचकीत दिसते ती तिच्या भिंतीमुळे नव्हे, आतल्या हवेमुळे. स्पिरिटमध्ये बरेच दिवस ठेवलेल्या नमुन्यात द्रव नळीत शिरतो, हवा जाते, आणि ट्रॅकिया जवळजवळ दिसेनाशी होते. ताजं झुरळ घ्या आणि पाण्याखाली उघडा. झुरळाला श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात, दोन छातीच्या भागात आणि आठ पोटाच्या. अळीत नऊ: एक डोक्यामागच्या पहिल्या खंडावर, आठ पोटावर. मधल्या आणि मागच्या छातीच्या खंडावर अळीला रंध्र नसतं. शेतातला नमुना हवा असेल तर तिळावरची ती मोठी हिरवी, शेपटीला शिंग असलेली अळी घ्या, हॉक मॉथची. तिच्या कुशीवरची रंध्रं भिंगाशिवाय मोजता येतात.

ट्रॅकियाच्या फांद्या शेवटी ट्रॅकिओलमध्ये संपतात. हे ट्रॅकियाचं लघुरूप, लॅटिन वळणाचं: चिमुकली ट्रॅकिया. जाडी एक मायक्रॉनपेक्षा कमी. ती थेट पेशीला भिडते, उडण्याच्या स्नायूंत तर स्नायूपेशीच्या आतपर्यंत घुसते. ऑक्सिजन तिथपर्यंत बहुतांशी विसरणाने (डिफ्यूजनने), म्हणजे जास्त असलेल्या जागेकडून कमी असलेल्या जागेकडे आपोआप पसरत, पोचतो. हवेत ऑक्सिजन पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो, म्हणून नळीत हवाच असणं हेच या रचनेचं बळ. नाकतोड्यासारखे कीटक पोट आकुंचून हवा ढकलतातही. १९२० मध्ये डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगने या विसरणाचा हिशेब मांडून दाखवला की लहान अंगाला एवढं पुरतं. त्याच वर्षी त्याला केशवाहिन्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. माल्पिगीप्रमाणे त्याचाही एक पाय केशवाहिनीत आणि एक कीटकाच्या नळीत होता, हे मला फार बोलकं वाटतं. दोन्ही जागी प्रश्न एकच आहे: शेवटच्या पेशीपर्यंत हवा पोचवायची कशी?

कीटकाचं रक्त हे काम जवळजवळ करत नाही. साचलेल्या पाण्यातल्या कायरोनॉमस माशीच्या लाल अळ्यांसारखे थोडे अपवाद आहेत, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. बाकी झुरळ, टोळ, बोंडअळी, सगळ्यांत हवा नळीतून थेट पेशीशी. आता एरासिस्ट्राटसची व्यवस्था पुन्हा वाचा: हवा बाहेरून नळीत शिरते, नळीला फांद्या फुटतात आणि फांद्यांतून हवा शरीराच्या कणाकणाला जाते. माणसाबद्दल ती चूक ठरली. कीटकाबद्दल ती तंतोतंत खरी आहे. हवा वाहणारी आर्तेरिया निसर्गात होती. ती चुकीच्या प्राण्यात शोधली जात होती. आणि गेलनच्या दोऱ्याने जे नाव नरड्यापुरतं आखडलं होतं, त्यालाच माल्पिगीने नकळत त्याचं जुनं राज्य परत दिलं.

हे सगळं शब्दांच्या हौसेपुरतं आहे असं वाटत असेल, तर आपल्या शिवारात चला. तेल आणि श्वासरंध्र यांचं नातं ज्याला कळलं, त्याची फवारणी बदलते. निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून कपाशीवरच्या माव्यावर, पांढऱ्या माशीवर, पिठ्या ढेकणावर मारलं तर त्याचा एक परिणाम तेल म्हणून होतो: अंगावर पसरून रंध्रं बुजतात. म्हणून किडीला ते प्रत्यक्ष लागलं पाहिजे, पानाच्या खालच्या बाजूला नोझल गेलं पाहिजे. निंबोळी अर्क हा पाण्यात काढलेला असतो. त्याचा भर निंबोळीतल्या ॲझाडिरेक्टिन या द्रव्यावर, खाणं थांबवण्यावर आणि कात टाकण्यात बिघाड करण्यावर. दोन्हीला ‘निमाचं औषध’ म्हणून एकाच मापाने मोजलं की निराशा पदरी येते. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिच्या रंध्रापर्यंत कुठलंही तेल पोचत नाही. तिथे डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेल्या कळ्या) वेचून नष्ट करणं, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पकडणारे) आणि फरदड, म्हणजे जुन्या कपाशीचं लांबवलेलं पीक, न घेणं हेच उपाय. आणि तेलाची फवारणी भर उन्हात करू नका. भुसावळ, जळगावला उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, अशा तापात तेलाने पानं करपतात.

घरातल्या बायका तूर, हरभरा साठवताना एरंडेल चोळतात. भुंगेऱ्याची मादी अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवते. तेलाच्या पापुद्र्याखाली अंड्याची हवा बंद होते आणि आतला जीव मरतो. अंड्याला ट्रॅकियाची रंध्रं नसतात, कवचातून वायू येतोजातो, पण तत्त्व माल्पिगीच्या प्रयोगाचंच. बहुतेक डासांची अळीही पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटाकडची श्वासनळी लावून हवा घेते. त्या नळीला सायफन म्हणतात, ग्रीकमध्ये नळीच. पाण्यावर तेलाचा थर टाकला की तीच वाट बंद होते.

रंध्राला झडप असते हेही विसरू नका. ती मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी मिटलेली राहते. आपल्या उन्हाळ्यात ही झडप नसती तर कीटक वाळून गेले असते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ती उघडते. म्हणून गोदामात धुरी देताना त्या वायूची जोड दिली तर विषारी वायू कीटकाच्या अंगात लवकर शिरतो. धुरीच्या गोळ्या मात्र राहत्या घरात, झोपायच्या खोलीतल्या कणगीत कधीही वापरू नका. तोच विषारी वायू माणसाच्याही ट्रॅकियातून आत जातो.

एक शेवटचा धागा, कारण तुम्हाला बॉटनीत ट्रॅकीड, म्हणजे झाडातली पाणी वाहणारी पेशी, शिकवलं असेल आणि त्याचा कीटकाशी काय संबंध, हा प्रश्न पुढे येणारच. मोडलेल्या फांदीतून लोंबणारे बारीक धागे माल्पिगीने भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्याला गुंडाळी केलेल्या फितीच्या नळ्या दिसल्या. त्याला त्या कीटकाच्या ट्रॅकियासारख्या वाटल्या. म्हणून वनस्पतीतल्या त्या वाहिन्यांनाही त्याने ट्रॅकिया म्हटलं, आणि झाडही त्यांतून श्वास घेतं असं मानलं. त्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचे दोन भाग १६७५ आणि १६७९ मध्ये छापले गेले. त्या नळ्यांतून पाणी जातं हे पुढे कळलं, पण नाव राहिलं, आणि त्यातून ट्रॅकीड हा शब्द निघाला. म्हणजे झाडातला शब्द नरड्याकडून थेट आलेला नाही, अळीकडून आलेला आहे.

हे पाहायला तुम्हाला प्रयोगशाळाही लागत नाही. रावेर, यावलकडे कुणाच्याही केळीच्या बागेत गळलेलं नको, ताजं पान घ्या. त्याचा जाड देठ मोडा आणि दोन्ही तुकडे सावकाश दूर ओढा. मधे जे तलम, कोळ्याच्या जाळ्याहूनही बारीक तंतू ताणले जातात, ते काचपट्टीवर घेऊन चारशे पटीखाली बघा. उलगडत गेलेली गुंडाळी दिसेल. मग झुरळाच्या ट्रॅकियाची तुमची काचपट्टी शेजारी ठेवा आणि दोन्हींची चित्रं एकाच पानावर काढून जर्नलला लावा.